दोन आणि दोन चारच. मग सुधारणा कसली?

दोन आणि दोन मिळून चार होतात, ही गोष्ट पेशवाईत खरी होती आणि आजही खरीच आहे. भाषा बदलते, शुद्धलेखनाचे नियम बदलतात, शाळेतली क्रमिक पुस्तके तर दर काही वर्षांनी बदलतातच; पण पाढे बदलल्याचे कोणी ऐकले आहे काय? बे दुणे चार म्हणजे चार! असे असताना संगणकाच्या पडद्यावर ‘तुमच्या कॅल्क्युलेटरची सुधारित आवृत्ती आली आहे, ती घ्या’ अशी सूचना झळकली, की साध्या माणसाच्या मनात प्रश्न उभा राहतो : बेरजेत सुधारणा ती काय करणार? कालपर्यंत हा गृहस्थ चुकीची बेरीज सांगत होता की काय?

प्रश्न दिसतो तितका भोळा नाही. आकडेमोड करणारा प्रोग्रॅम ही संगणकावरची सर्वांत साधी वस्तू. तिच्याकडून आपली अपेक्षाही एकच : उत्तर बरोबर यावे. पण ‘बरोबर’ म्हणजे काय, हे एकदा विचारायला लागले की वापरणारे आणि बनवणारे यांच्यात जो पत्रव्यवहार सुरू होतो, तो काही केल्या संपत नाही. अशाच एका जुन्या प्रोग्रॅमचा आणि त्याच्याविषयीच्या तक्रारींचा हा वृत्तांत आहे. मी गणिताचा माणूस नव्हे, मराठीचा मास्तर. तरीही हे प्रकरण माझ्या इतके जवळचे का वाटले, ते पुढे ओघाने कळेलच.

बटणे नसलेले गणकयंत्र

कॅल्क्युलेटर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दुकानदाराच्या गल्ल्यावरचे बटणांचे चौकोनी यंत्र येते. मी म्हणतो तो प्रोग्रॅम तसा नाही. त्याला बटणे नाहीत, रंग नाहीत, चित्रे नाहीत. काळ्या पडद्यावर तुम्ही एक ओळ टंकायची, त्याने खालच्या ओळीत उत्तर द्यायचे. दोन शहाणी माणसे चिठ्ठ्यांवरून बोलतात, तसा हा व्यवहार.

त्याचे नाव ‘डी. सी.’. डेप्युटी कलेक्टर नव्हे, ‘डेस्क कॅल्क्युलेटर’, म्हणजे मेजावरचे गणकयंत्र. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे बेल टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा होती. तिथे रॉबर्ट मॉरिस आणि लोरिंडा चेरी या दोघांनी हा प्रोग्रॅम लिहिला. १९७० साली या प्रयोगशाळेत पी. डी. पी.-११ नावाचा नवा संगणक आला. यंत्र आले, पण त्याची माहिती साठवणारी तबकडी यायला आणखी तीन महिने लागले. नव्या बिऱ्हाडात कपाट यायच्या आधीच चूल पेटावी, तसे झाले. त्या यंत्रावर संगणकाचा सर्व कारभार पाहणारी यंत्रणा उभी राहण्याच्याही आधी जो पहिला लक्ष देण्याजोगा प्रोग्रॅम चालवून पाहिला गेला, तो हा डी. सी. ज्या ‘सी’ भाषेत पुढे जगातले असंख्य प्रोग्रॅम लिहिले गेले, ती भाषा तेव्हा जन्मलीही नव्हती. तिच्या आधीच्या ‘बी’ नावाच्या भाषेत डी. सी. लिहिला गेला होता.

लोरिंडा चेरी यांच्याविषयी दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत. या बाईंनी पुढे इंग्रजी गद्याची तपासणी करणारे प्रोग्रॅमही लिहिण्यात मोठा वाटा उचलला. वाक्ये फार लांब झाली आहेत काय, शब्दांचा फापटपसारा आहे काय, हे ते सांगत. आम्हा भाषेच्या मास्तरांच्या पोटावर पाय देण्याचाच तो उद्योग म्हणायचा! पण आकड्यांना आणि वाक्यांना एकाच हाताने शिस्त लावणारी ही बाई मला तरी फार आदरणीय वाटते. २०२२ साली त्या वारल्या.

या डी. सी.चे वैशिष्ट्य असे, की त्याला आकड्यांच्या लांबीचे भय नाही. सामान्य गणकयंत्रात आठ, दहा, फार तर बारा अंकांची जागा असते. आकडा त्याहून मोठा झाला की ते हात टेकते किंवा शेवटचे अंक गाळून ‘अदमासे इतके’ असे सांगते. डी. सी. मात्र आकड्याचे अंक दोन-दोनच्या जोडीने एका रांगेत मांडून ठेवत असे. संगणकाच्या स्मृतीत जागा असेतोवर रांग वाढवीत न्यावी!

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत चौसष्ट घरे भरायची. एकूण दाणे किती? राजा चकला, ते ठीक; पण खिशातले गणकयंत्रही इथे चकते. या प्रोग्रॅमला विचारा, तो एका क्षणात शेवटच्या दाण्यापर्यंत मोजून देतो : १८४४६७४४०७३७०९५५१६१५. स्वल्पविराम तो देत नाही. आपल्या पद्धतीने ते घातले तर आकडा होतो १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. आता यातला एकही दाणा ‘अदमासे’ नाही, ही गंमत.

क्रियापद शेवटी

डी. सी.ला बेरीज सांगण्याची रीत मात्र विचित्र. ‘२ + ३’ असे लिहून चालत नाही. आधी २ लिहा, मग ३ लिहा, मग अधिकचे चिन्ह. त्यानंतर ‘पी’ हे अक्षर लिहिले म्हणजे तो ५ छापतो. यान लुकासिएविच या पोलंडच्या तर्कशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात चिन्ह आधी आणि आकडे नंतर, अशी एक लेखनपद्धती काढली होती. तीच उलटी केली म्हणून हिला ‘उलटी पोलिश’ म्हणतात. हिचा लाभ असा, की तिच्यात कंस लागत नाहीत.

ही पद्धत मला आमच्या कॉलेजातील गणिताच्या प्राध्यापकांनी स्टाफरूममध्ये चहा पिता पिता समजावून सांगितली.

“तुम्ही भाषावाले. तुम्हाला हे जरा उलटसुलट वाटेल हं,” ते म्हणाले.

“अहो, उलटे कसले?” मी म्हटले. “दोनात तीन मिळवा, असेच तर आम्ही म्हणतो. आकडे आधी, क्रियापद शेवटी. हे तर शुद्ध मराठी झाले!”

प्राध्यापक हसले, पण त्यांनी मान डोलावली. खरोखरच, ‘मिळवा’ हे इंग्रजीत वाक्याच्या आरंभी येते; मराठीत सारी सामग्री पाटावर मांडल्यावर शेवटी क्रियापद येते. ‘बारातून पाच वजा करा, उरले त्याला तिनाने गुणा’ हे आपल्या पाटीवरच्या गणिताचे वाक्य शब्दाशब्दाने डी. सी.च्या भाषेत उतरते.

पण जगातल्या सर्वांनाच काही मराठीच्या वळणाने विचार करायची सवय नाही. शाळेत ‘२ + ३’ असे लिहायला शिकलेल्या माणसाला ‘२ ३ +’ हे लेखन जाचक वाटणारच. तेव्हा १९७५ च्या सुमारास, लोरिंडा चेरी यांच्याच हातून त्याला एक धाकटे भावंड मिळाले. त्याचे नाव ‘बी. सी.’. आमच्या आळीतल्या वहिनींनी हे नाव ऐकून मोठ्या आस्थेने चौकशी केली. नाही, ही त्यांची भिशी नव्हे! बी. सी. हा डी. सी.च्या दारात बसलेला दुभाष्या. तुम्ही शाळेतल्या रीतीने ‘२ + ३’ लिहा, तो त्याचे भाषांतर करून आतल्या डी. सी.कडे देणार आणि उत्तर तुमच्या हाती ठेवणार. आतला हिशेबनीस तोच; बदलली ती बोलण्याची रीत. सुधारणेचा हा पहिला प्रकार ध्यानात ठेवावा : उत्तर तेच, पण विचारणाऱ्याची सोय.

“तुमचे यंत्र बिघडले आहे!”

आता तक्रारींकडे वळू. बी. सी. पहिल्यांदाच वापरणारा माणूस हटकून एक प्रयोग करतो. तो एकाला तिनाने भागतो. उत्तर येते : ०.

सातला दोनाने भागतो. उत्तर येते : ३.

मग तो कपाळाला हात लावतो आणि कोणाला तरी कळवतो, की हे यंत्र बिघडले आहे. पन्नास वर्षांत ही तक्रार किती जणांनी केली असेल, त्याची गणती बी. सी.लाच करायला सांगावी. खरे पाहता यंत्र बिघडलेले नसते. दशांशचिन्हानंतर किती अंक ठेवायचे, हे तुम्ही त्याला ‘स्केल’ नावाच्या एका शब्दाने सांगायचे असते. न सांगितल्यास तो भागाकारात एकही ठेवत नाही. वेगळी आज्ञा देऊन त्याला सुरू केले, तर तो वीस अंक ठेवतो, आणि मग एक भागिले तीन म्हणजे वीस वेळा तीन.

पण इतक्यावर प्रकरण मिटत नाही. हा गृहस्थ अंक ‘ठेवतो’, म्हणजे उरलेले कापून टाकतो. आपण शाळेत शिकलो ते निराळे : अर्धा किंवा अधिक असेल तर पुढचा अंक धरावा. दोन भागिले तीन विचारले तर आपण शेवटी ७ लिहिला असता, बी. सी. वीसही जागी ६च लिहितो. एक भागिले तीन करून त्याला पुन्हा तिनाने गुणले, तर एक न येता दशांशचिन्हानंतर वीस नऊ येतात. आपल्या वाडवडिलांना दिडकीचा पाढा येत असे. दीड गुणिले दीड म्हणजे सव्वादोन, हे त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते. बी. सी.ला काहीही न सांगता १.५ गुणिले १.५ विचारा, तो म्हणतो २.२. दिलेल्या आकड्यांत दशांशाचा एकेकच अंक होता, म्हणून उत्तरातही तो एकच ठेवतो आणि वरचे पाच शतांश खुशाल सोडून देतो!

हे सारे पुस्तकी वाटत असेल, तर दोन घरगुती उदाहरणे घेऊ.

समजा, एका सोसायटीत अठ्ठेचाळीस बिऱ्हाडे आहेत आणि रंगकामाचे एक लाख रुपये सर्वांनी सारखे वाटून घ्यायचे आहेत. चिटणीसांनी बी. सी.ला विचारले; तो म्हणाला, प्रत्येकी २०८३. अठ्ठेचाळीस जणांनी २०८३ दिले, तर जमले ९९,९८४. सोळा रुपये कमी! दशांशाचे दोन अंक ठेवायला सांगितले असते, तर प्रत्येकी २०८३.३३ आले असते आणि तूट राहिली असती फक्त सोळा पैशांची. सोळा रुपये ही काही मोठी रक्कम नव्हे. पण वार्षिक सभेत सोळा रुपये कुठे गेले, हा प्रश्न कोणी उभा केला, म्हणजे चिटणीसांच्या सचोटीचा प्रश्न होऊन बसतो. ज्यांनी अशा सभा पाहिल्या आहेत, त्यांना अधिक सांगणे नलगे.

दुसरे उदाहरण माझ्या पेशातले. एका विद्यार्थ्याला दोन चाचण्यांत ३४ आणि ३५ गुण आहेत. सरासरी साडेचौतीस. उत्तीर्ण होण्यास ३५ हवेत. ‘अर्धा असेल तर पुढचा धरावा’ हा नियम असेल, तर मुलगा पास. ‘शेष कापून टाकावा’ हा नियम असेल, तर नापास. दोन्ही नियम आपापल्या जागी सुसंगत आहेत. यंत्र कोणत्याही नियमाने चालले तरी त्याला दोष देता येणार नाही. पण कोणता नियम चालू आहे हे यंत्रापुढे बसलेल्याला ठाऊकच नसेल, तर एका मुलाचे वर्ष जाऊ शकते. तेव्हा ‘बरोबर उत्तर’ याचा निम्मा अर्थ आकड्यांत असतो आणि निम्मा आपण आपसांत ठरवलेल्या संकेतात. व्याकरणाचे तरी दुसरे काय असते?

एकाची दुरुस्ती, दुसऱ्याची मोडतोड

सुज्ञ वाचक विचारतील, की इतक्या जणांना खटकते, तर बनवणाऱ्यांनी हे बदलून का टाकले नाही? सुरुवातीपासूनच वीस अंक ठेवायला काय हरकत होती?

हरकत अशी. पूर्णांकी भागाकार ज्यांना हवा असतो, असेही पुष्कळ लोक आहेत. दहा लाडू तिघांत वाटायचे तर प्रत्येकी किती आणि उरले किती? प्रत्येकी तीन आणि उरला एक. बी. सी.ला आहे त्या स्थितीत ‘दहाला तिनाने भागून बाकी सांग’ म्हटले, की तो १ असे चोख उत्तर देतो. आता तोच प्रश्न वीस अंक ठेवायला सांगून विचारा. उत्तर येते : दशांशचिन्ह, मग एकोणीस शून्ये, मग एक! कारण तो भागाकार वीस अंकांपर्यंत नेतो, त्यामुळे बाकी उरते ती विसाव्या अंकामागची. म्हणजे पहिल्या तक्रारदाराचे समाधान करावे, तर लाडू वाटणाऱ्याचा लाडू नाहीसा होतो.

शिवाय हा प्रोग्रॅम माणसेच वापरतात असे नाही. त्याला हाताशी धरून लोकांनी आपापले लहानमोठे प्रोग्रॅम लिहिले आहेत. ते रोज रात्री आपोआप चालतात आणि बी. सी.चे उत्तर ज्या रूपात येत आले, त्याच रूपात ते येईल असे गृहीत धरतात. १९९२ मध्ये तर बी. सी.चे वर्तन कसे असावे, याचा रीतसर नियमच झाला. थोरल्या डी. सी.ला त्या नियमात जागा मिळाली नाही, धाकट्याला मिळाली. नियम झाल्यावर मग स्वभाव बदलण्याची मुभा आणखीच कमी. ज्याला आपण खोड म्हणतो, ती पन्नास वर्षे टिकली म्हणजे तिचा रिवाज होतो. आणि रिवाजावर इतरांचे संसार उभे राहिलेले असतात.

तेव्हा वापरणाऱ्याच्या प्रत्येक अभिप्रायाला ‘होय’ म्हणणारा कारागीर चांगलाच, असे समजू नये. कधी कधी ‘नाही’ म्हणण्यातच त्याची जबाबदारी असते. मात्र ते ‘नाही’ समजावून सांगितलेले असावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

सोळा-सतरा वर्षांचे मौन

बेल प्रयोगशाळेतल्या मूळ प्रोग्रॅमनंतर त्याच्या अनेक नव्या आवृत्त्या वेगवेगळ्या लोकांनी लिहिल्या. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध ती ‘ग्नू’ या मुक्त प्रोग्रॅमांच्या चळवळीतली. फिलिप नेल्सन यांनी १९९१ पासून ती लिहिली. ती सुरू केली की पहिल्यांदा पडद्यावर मालकीहक्काचा मजकूर येतो आणि त्यात स्पष्ट म्हटलेले असते, की या प्रोग्रॅमची कसलीही हमी नाही! ‘माल तपासून घ्यावा, मागाहून तक्रार चालणार नाही’ ही पाटी लावणारा दुकानदार आपण पाहिला आहे. पण दोन आणि दोन चार सांगण्याआधी हात झटकणारा हिशेबनीस हाच. ही सूचना नको असलेल्यांसाठी ती गप्प करण्याची सोयही आहे.

या आवृत्तीचा एक क्रमांक २००० साली निघाला. मध्ये २००६ साली एक चाचणीची आवृत्ती आली. त्यानंतरचा पक्का क्रमांक निघाला तो २०१७ साली! सोळा-सतरा वर्षांत मुले जन्मून दहावीला जातात. या मौनाचे दोन अर्थ लावता येतात. एक, की प्रोग्रॅम सोडून दिला गेला. दुसरा, की त्यात करण्यासारखे फारसे उरलेच नव्हते. आपल्या घरातला पितळी अडकित्ता आजीच्या काळापासून तसाच आहे. त्याची ‘नवी आवृत्ती’ आली नाही म्हणून कोणी हळहळत नाही.

पण सुपारी आहे तशीच राहिली, तरी वापरणाऱ्याचे हात बदलतात. नवी यंत्रे आली, आकडे मोठे झाले, वेग हवासा वाटू लागला. २०१८ साली अमेरिकेतल्याच एका प्रोग्रॅमरने बी. सी. आणि डी. सी. पुन्हा पायापासून लिहायला घेतले. ‘फ्री बी. एस. डी.’ या यंत्रणेने पुढे तीच आवृत्ती स्वीकारली आणि २०२२ साली अ‍ॅपल कंपनीच्या संगणकांतही ग्नूच्या जागी ती आली. तिच्यात लोकांच्या जुन्या गाऱ्हाण्यांपैकी एकाचा निकाल कसा लावला, ते पाहण्यासारखे आहे. अर्धा हा आकडा बी. सी. ‘.५’ असा लिहितो; दशांशचिन्हाआधीचे शून्य लिहिण्याची त्याला रीत नाही. हिशेबाच्या कागदावर हा टिंब सहज नजरेतून सुटतो आणि अर्ध्याचे पाच होतात. नव्या कारागिराने जुनी रीत मोडली नाही. ज्याला हवे त्याने एक जास्तीची आज्ञा द्यावी, म्हणजे ‘०.५’ असे छापले जाईल, अशी सोय केली. रिवाजही राहिला आणि गाऱ्हाणेही मिटले. घरात सासूने आणि सुनेने हा मार्ग काढला असता, तर आपण दोघींचेही कौतुक केले असते.

आत बदलले, कोणाला कळले नाही

आता बटणवाल्या कॅल्क्युलेटरचीही एक हकीकत सांगितली पाहिजे, कारण तिच्याविना हे चित्र पुरे होत नाही. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ३.१ या १९९२ च्या यंत्रणेतील गणकयंत्रात २.०१ मधून २.०० वजा केले, तर पडद्यावर ०.०० असे दिसे. एक शतांश गडप! पुढे विंडोज ३.११ ही आवृत्ती आली, तेव्हा विनोद निघाला : ३.११ आणि ३.१० यांत फरक किती? त्यांच्याच गणकयंत्राला विचारा. ते म्हणते, काहीच नाही!

यानंतर केव्हातरी त्या गणकयंत्राचे आतले सारे गणित नव्याने लिहिण्यात आले. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांतील काटछाट नाहीशी झाली. मायक्रोसॉफ्टमधील रेमंड चेन यांनी २००४ साली याविषयी मोठ्या मार्मिकपणे लिहिले आहे. त्यांचे म्हणणे असे, की आतून एवढा बदल केला तरी कोणाच्या तो लक्षातच आला नाही. बाहेरची बटणे तीच होती ना! लोक पूर्वीप्रमाणेच ‘हे यंत्र चुकीचे गणित करते’ असे म्हणत राहिले.

घरातल्या बाईला याचे नवल वाटू नये. महिनाभर खपून डबे, फडताळे, माळा स्वच्छ केला, तर कोणाचे लक्ष जात नाही. दारावरचा पडदा बदलला की आल्यागेल्याला ‘वा, घर अगदी नवे दिसते आहे!’ असे म्हणावेसे वाटते.

तरीही डोळे उघडे ठेवून वापरणारी माणसे असतातच. चाराचे वर्गमूळ दोन. त्यातून दोन वजा केले, तर उरावे शून्य. विंडोजच्या गणकयंत्रात मात्र अनेक वर्षे उरत असे एक अतिसूक्ष्म आकडा, शून्याच्या अगदी निकट, पण शून्य नव्हे. लोकांनी हे पुन्हा पुन्हा दाखवून दिले आणि २०१८ साली तो दोष एकदाचा दूर झाला. २०१९ च्या मार्चमध्ये तर कंपनीने त्या गणकयंत्राचा सारा आतला मजकूर जगापुढे उघडा ठेवला. ज्याला वाचायचा त्याने वाचावा, चूक दाखवावी, जमल्यास दुरुस्तीही सुचवावी. स्वयंपाकघराचे दार उघडून ‘या, पाहा कसे शिजते ते’ म्हणण्यासारखेच हे आहे.

तक्रार कशी लिहावी

तक्रारीवाचून सुधारणा नाही, हे तर खरे. पण सर्व तक्रारी एका मापाच्या नसतात. गेली वीस वर्षे मी मुलांना ‘तक्रार-अर्ज’ लिहायला शिकवतो आहे, म्हणून दोन शब्द बोलण्याचा अधिकार घेतो.

‘तुमचा प्रोग्रॅम टाकाऊ आहे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले, तरी ते वाचून कोणाला काही करता येत नाही. वैद्याकडे जाऊन ‘मला बरे नाही’ एवढेच सांगण्यासारखे ते आहे. उपयोगी अर्जात चार गोष्टी हव्यात : मी काय टंकले, उत्तर काय आले, मला काय अपेक्षित होते, आणि माझ्याकडची आवृत्ती कितवी. चाराच्या वर्गमुळाची तक्रार पाहा. एका ओळीत मावते, कोणालाही घरबसल्या करून पाहता येते, आणि वाद घालायला जागाच ठेवत नाही. उलट ‘एक भागिले तीन शून्य येते’ ही तक्रार करणाऱ्याने सोबतची माहितीपत्रिका आधी वाचली असती, तर दोघांचाही वेळ वाचला असता.

आणखीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. यांतले पुष्कळ प्रोग्रॅम फुकट मिळतात. त्यांची देखभाल करणारा माणूस अनेकदा एकटाच असतो आणि आपली नोकरी, संसार सांभाळून रात्री पत्रांना उत्तरे देत असतो. आपण बाजारात पैसे मोजून घेतलेल्या कुकरविषयी ज्या स्वरात बोलतो, तो स्वर त्याच्याशी बोलताना शोभत नाही. ‘आपल्या प्रोग्रॅममुळे माझे काम सोपे झाले’ असे एक पत्र शंभर तक्रारींत एखादेच येत असेल. ते आपण लिहिले तर बिघडले कुठे?

पण म्हणून तक्रार करायचीच नाही, असेही नव्हे. न बोलणारा वापरकर्ता हा सर्वांत वाईट. तो चुकलेले उत्तर मुकाट्याने वहीत उतरवतो आणि ते खरे मानून पुढे जातो. सोळा रुपये असेच जातात, अर्धा गुण असाच जातो.

माझ्या लहानपणी आमच्या घरी हिशेब करताना वडीलधारे आधी तोंडी अंदाज सांगत आणि मग कागदावर आकडेमोड करीत. उत्तर अंदाजाच्या आसपास आले नाही, तर कागदावर विश्वास न ठेवता पुन्हा मोजत. पावकी, निमकी, दिडकी आज कोणाला पाठ नाहीत आणि त्या परत याव्यात असा माझा हट्टही नाही. पण मुलाने यंत्राला आकडा विचारण्याआधी ‘साधारण किती येईल रे?’ एवढे एक वाक्य त्याला विचारण्याची सवय घराघरांत राहिली, तर ती कोणत्याही सुधारित आवृत्तीपेक्षा मोलाची ठरेल. जगातल्या या गणकयंत्रांच्या चुका सापडल्या त्या अशाच माणसांना, ज्यांच्या मनात उत्तर यंत्राच्या आधी तयार होते.

लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढण्याची चाल अजून पुष्कळ घरांतून आणि दुकानांतून आहे. पूजा वहीची असते. पण वहीतले आकडे बरोबर ठेवण्याचे काम देवीने आपल्यावरच सोपवले आहे. यंदा पूजा झाल्यावर घरातल्या मुलांना बुद्धिबळाच्या पटावरचे दाणे मोजायला बसवा. आधी मनाने अंदाज करू द्या, मग कागदावर करू द्या, आणि शेवटी यंत्राला विचारू द्या. तिन्ही उत्तरे जुळली नाहीत, तर त्या संध्याकाळी घरात जी चर्चा रंगेल, ती फटाक्यांहून अधिक वेळ टिकेल.